जाणवला का?

१५ जानेवारी, गुरुवार

आज बारावा दिवस. दीपाली बोलत नाहीये. फोन उचलत नव्हतीच, पण स्टेटस तरी बघायची. सोमवारपासून तेही बंद.

संक्रांत झाली. डहाणूतल्या सगळ्या वायरींवर पतंग लटकलेत. आमच्या दुकानाशेजारच्या फरसाणवाल्याचा जिग्नेश, म्हणजे जिग्या, काल दिवसभर गच्चीवर होता. घसा बसलाय, बोटं कापलीत, तरी खूश. मला म्हणतो, "तुझं तोंड बघ ने. कटलेला पतंग पण एवढा रडका नसतो." मी गाठ्यांचं पाकीट उचलून त्याला फेकून मारलं. पाकीट त्याच्याच दुकानातलं. त्याने ते झेललं, फोडलं आणि खात बसला.

वहीत लिहायला लागलोय, कारण मोबाईलवर लिहिलं की ते पाठवावंसं वाटतं.

३ तारखेचं एकदा लिहून टाकतो. दीपालीच्या पाड्यावर, तलासरीच्या पुढे, तिच्या मैत्रिणीची हळद होती. मी आणि जिग्या गेलो होतो. डीजे, लाईट, पिवळी माणसं. तिचा मामेभाऊ रुपेश मोबाईल धरून तिच्या नाचाचं रील काढत होता. काढलं, तिथंच टाकलं. थोड्या वेळाने मी उघडून बघितलं तर खाली कुणीतरी घाण कमेंट केलेली. पूर्ण रील बघितलंच नाही मी. डोकं सटकलं. रुपेशच्या हातातून मोबाईल ओढला आणि मंडपाच्या लोखंडी खांबावर आपटला. डीजे बंद. सगळे माझ्याकडे बघतायत. दीपाली हळदीच्या हातांनी तशीच उभी. एवढंच म्हणाली, "केतन, तू जा."

गेलो.

१७ जाने., शनि.

अजून काही नाही.

आमचा एक नियम आहे. कॉलेजच्या पहिल्या वर्षापासूनचा. तिच्याकडे जमीन हलते, सगळ्यांना माहीत आहे. ती शाळेत होती तेव्हा तर इतके धक्के बसायचे की अख्खा पाडा अंगणात झोपायचा. कॉलेजात पहिल्यांदा बाक हलला तेव्हा आम्ही सगळे एकमेकांकडे बघत होतो, आणि ही कधीच दाराबाहेर. मला वाटलं, जोरात लागली असेल हिला. नंतर कळलं. तिला विचारलं तर म्हणाली, "आम्ही आधी बाहेर पडतो, मग विचार करतो. तुम्ही आधी विचार करता."

तेव्हापासून नियम. कितीही भांडण असो, धक्का बसला की ज्याला आधी कळेल त्याने लिहायचं, "जाणवला का?" दुसऱ्याने लिहायचं, "हो. बाहेर आहे." बस. मग हवं तर भांडण पुढे चालू. दोनदा असंच मिटलंय आमचं.

म्हणजे आता मी वाट बघतोय. कशाची, ते लिहायला लाज वाटते.

२० जाने., मंगळ.

आजचा दिवस सिनेमात टाकला तर लोक म्हणतील, काहीही दाखवतात.

मामाचं दुकान स्टेशनच्या पूर्वेला. कव्हरं, चार्जर, रिपेअरिंग. कॉलेज सोडल्यापासून मी इथंच. स्क्रीनला ग्लास बसवायचं काम माझं, कारण माझ्या हातून बुडबुडा राहत नाही. मामा गिऱ्हाइकांना सांगतो, "याचं डोकं याच्या हातासारखं असतं ना, तर आज बॅरिस्टर असता."

अकरा वाजता एक जण आला, खाली मान घालून पिशवीतून मोबाईल काढला. "डिस्प्ले गेलाय, बघा ना." मान वर केली. रुपेश.

मी मोबाईल हातात घेतला. मामा विचारतोय, "कसा फुटला रे?"

रुपेश म्हणाला, "पडला."

मी म्हणालो, "हो. पडतात."

मामाने दोघांकडे बघितलं आणि चहा सांगायला गेला. त्याला काहीतरी कळलं असणार. मीच फोडलेला मोबाईल मीच उघडला, मीच नवीन डिस्प्ले बसवला, मनापासून बसवला. रुपेश समोर स्टुलावर बसून बघत होता. झाल्यावर टच चालतोय का ते बघायला त्याने तेच रील लावलं. मुद्दाम लावलं.

पहिल्यांदा पूर्ण बघितलं. दीपाली नाचतेय, हसतेय, हाताने कॅमेऱ्याला जवळ ये, जवळ ये म्हणतेय. 

"तीच बोललेली काढ म्हणून," रुपेश म्हणाला. "बोलली, भरती झाली का मग वर्दीत असा नाचाला नाय मिळाचा."

"आणि ती कमेंट?"

"ती तिनं माझ्या मोबाईलवरून डिलीट पण केलेली. तुझ्या आधी."

माझ्या आधी. मी खांबावर आपटला तेव्हा कमेंट तिथं नव्हतीच.

२४ जाने., शनि.

कॉलेजात डेज चालू आहेत. सगळ्यांची स्टेटस. साडी डे, टाय डे, ग्रुप डे. ज्याला मी ढकललं होतं तोही टाय लावून झळकतोय. चांगला दिसतोय साला.

दुसऱ्या वर्षी कँटीनमध्ये तो दीपालीच्या बोलण्याची नक्कल करत होता, "नाय जमाचा, नाय जमाचा" करून. मी ढकललं, त्याचा दात हलला. सरांनी बोलावलं. म्हणाले, चार ओळींचं माफीपत्र दे, विषय संपला. मी म्हणालो, नाही देणार. दीपालीने स्वतःच्या अक्षरात लिहून आणलं, फक्त सही कर म्हणाली. मी तिच्यासमोर फाडलं. तिच्यासाठी भांडलो आणि तिचंच अक्षर फाडलं. मग कॉलेजला जाणं बंद केलं, परीक्षा आली, गेली.

पप्पा तेव्हापासून माझ्याशी आईमार्फत बोलतात. वाडीत चिकू उतरवायला माणसं कमी पडली तरी आईला सांगतात, "त्याला विचार, रविवारी रिकामा आहे का." मी तिथंच जेवत असतो.

दीपाली आता तिसऱ्या वर्षाला. शिवाय पोलीस भरतीची तयारी. पहाटे पाड्यापासून मेन रोडपर्यंत पळते, घड्याळ लावून. रोज मला वेळ पाठवायची, कालच्यापेक्षा किती कमी झाली ते. मैदानी चाचणी फेब्रुवारीतच आहे. आता तिची वेळ किती झालीय मला माहीत नाही.

२६ जाने., सोम.

स्टेशनबाहेर सकाळपासून देशभक्तीची गाणी, तीच तीच. जिग्याने तीन रंगांचा ढोकळा केला आणि त्याचं रील. हिरवा रंग जास्त पडला. संध्याकाळपर्यंत जेवढे व्ह्यूज झाले त्यातले अर्धे त्याच्या आईचे. तरी "भावा, अल्गोरिदम समजायला वेळ लागतो" म्हणून मलाच समजावतो. त्याचं बरं आहे. त्याचं दुःख ढोकळ्याएवढं आहे, संध्याकाळी विकून टाकतो.

नाक्यावर झेंड्याला सलाम करताना मी मनात मागितलं. छोटासा. कुणाला काही व्हायला नको. भांडी वाजतील फक्त, एवढा.

लिहिलं. आता लिहिलं तर लिहिलं.

२९ जाने., गुरु.

दुपार. गिऱ्हाईक कमी. धाकटी डहाणूचे एक मच्छीमार काका आले होते, मोबाईलला पाणी लागू नये म्हणून प्लास्टिकचं पाकीट घ्यायला. गळ्यात अडकवून बघितलं, आरशात बघितलं. मग इथं होणार असलेल्या मोठ्या बंदराचा विषय निघाला, तो निघतोच. म्हणाले, "बंदर आला तर आमच्या पोरांना पण हाच शिकव हां, मोबाईल उघडाला. एक स्टूल रिकामा ठेव." मामा हसला. काका हसले नाहीत.

ते बोलत होते तेव्हाच मालगाडी गेली. नवीन लाईनवरून त्या दोन मजली कंटेनरच्या गाड्या जातात तेव्हा हुकाला लावलेली सगळी कव्हरं डुलायला लागतात, काउंटरची काच वाजते. आज जरा जास्तच. माझा हात हलला आणि बसवत होतो त्या ग्लासमध्ये भला मोठा बुडबुडा. गाडीला शिवी दिली. काका म्हणाले, "रोज दे, सवय होऊन जाईल तिला."

संध्याकाळ, ७.

मालगाडी नव्हती.

मामाने ग्रुपवर वाचलं. तलासरीकडे चांगला बसला, आपल्याकडे हलका. आम्ही तिघं दुकानात उभे होतो, तिघांनाही गाडी वाटली. स्टेशनजवळ दिवसभर हलतंच असतं, कोण लक्ष देणार. आता विचार केला तर आठवतं, आधी शिटी नव्हती. आणि गाडी जाते तेव्हा मागचा डबा संपेपर्यंत वाजत राहतं, हे एकदाच झालं आणि थांबलं. कळायला हवं होतं.

पण तिला तर कळलंच असणार. तिच्या पायाखालीच बसतो. दुपारपासून आत्तापर्यंत एक शब्द नाही. आधी कळेल त्याने लिहायचं, हा नियम तिनेच केला होता ना?

म्हणजे मुद्दाम.

७.४०. पाठवला. जसाच्या तसा इथं लिहितो, म्हणजे नंतर मला बदलता येणार नाही: "नियमपण मोडलास ना? बरं झालं, कळलं. आता भूकंप येवो नाहीतर घर पडो, मला सांगू नकोस."

मोबाईल उलटा करून ठेवला. रागाने. चांगलं वाटतंय.

३० जाने., शुक्र.

एकच टिक. सकाळी एक, दुपारी एक, आत्ता एक. ब्लॉक केलं तिने.

जिग्या या विषयातला डॉक्टर आहे. मोबाईल हातात घेऊन म्हणाला, "डीपी दिसते ने? मग ब्लॉक नाही. फोन बंद असेल. चार्जिंग संपली असेल. तू ज्याला त्याला खलनायक नको बनवू, यार. साधा माणूस पण असतो कधी कधी."

मी म्हणालो, तुला काय कळतं, तुझी एकीने तरी वाट बघितलीय का?

त्याने मोबाईल परत दिला. मग म्हणाला, "जलेबी गरम आहे, देऊ?" मी नको म्हणालो. त्याचं तोंड उतरलं होतं. सगळ्यांना जिथं लागतं तिथंच का मारतो मी.

१ फेब्रु., रवि.

रुपेश आला. नव्या डिस्प्लेला ग्लास बसवायचा राहिला होता. मी त्याच्याकडे न बघता काम करत होतो. तोच म्हणाला, "तुला कळला ना?"

"काय?"

"दीपालीचा."

गुरुवारच्या धक्क्यात त्यांच्या घराची पुढची भिंत पडली. दीपालीचा उजवा पाय घोट्यात मोडला. प्लास्टर. मोबाईल विटांखाली गेला, चुराच झाला.

मी म्हणालो, "ती तर सगळ्यांच्या आधी बाहेर पडते."

"पडलेली ना बाहेर," रुपेश म्हणाला. "ती बाहेर, आत्या बाहेर, बकरी बाहेर. मग परत आत गेली. मोबाईल चार्जिंगला लावलेला, त्या भिंतीला. तो घेवाला."

मी ग्लासमागचा कागद सोलत राहिलो. तोच पुढे म्हणाला, "आत्या ओरडत होती, काय हाय त्या मोबाईलमध्ये एवढा?"

माझ्या हातातला ग्लास सरळ बसला. एकही बुडबुडा नाही. हे का लिहितोय माहीत नाही.

तो गेल्यावर मोरीत जाऊन मेसेज डिलीट केला, दोघांकडून. तिथं आता लिहून आलंय, हा मेसेज डिलीट केला आहे. म्हणजे तिने नवीन फोन घेतला की तिला हे दिसणार. काहीतरी होतं आणि मी पुसलं, एवढं दिसणार.

मैदानी चाचणी याच महिन्यात. प्लास्टर दीड महिना.

२ फेब्रु., सोम.

मामाने विचारलं नाही कशाला सुट्टी. "जा" म्हणाला. जिग्याने न बोलता एक पिशवी हातात दिली, जिलेबी आणि शेव. शुक्रवारचं त्याने मनात ठेवलं नाही. मला सॉरी म्हणता आलं नाही. पिशवी घेतली, तेच सॉरी समजला असेल.

एसटीने तलासरी, पुढे टमटम, मग चालत. वाटेत मोबाईलवर मेसेज, गुजरातमध्ये आपले स्वागत आहे. इथं उभं राहिलं तरी गुजरातचं नेटवर्क पकडतो.

त्यांचं घर. बाजूच्या आणि मागच्या भिंती कुडाच्या, कारवीच्या काठ्या उभ्या लावून वर शेणमातीने लिंपलेल्या. त्यांना काहीच झालेलं नाही. पुढची एकटी विटांची होती. तिचे बाबा गवंडी, रोज उंबरगावला कामाला जातात. दोन वर्षांपूर्वी स्वतःच्या हाताने बांधलेली, लोकांसारखं आपलंही पक्कं दिसावं म्हणून. तीच पडली. विटा अंगणात रचून ठेवल्यात, नीट, ओळीने.

दीपाली बाहेर खाटेवर. पाय उशीवर. मी उभाच.

"काय रे," म्हणाली.

"मला जाणवला नाही गं. मालगाडी वाटली."

तिने माझ्याकडे बघितलं. "मालगाडी."

"शपथ. दुकानात सगळं हलतं, तिथं रोज…"

"आमच्या बकरीला पण कळतं, केतन."

हसली का ते कळलं नाही. तिची आई आतून पाणी घेऊन आली, जिलेबीची पिशवी घेऊन गेली. मी विचारलं, दुखतं का. म्हणाली, पाय नाही दुखत. मग भरतीचं विचारलं. त्यावर तिने मान दुसरीकडे वळवली. रस्ता दिसतो तिथून, ती पळते तो. मी तिचा हात धरणार होतो. धरला नाही.

मोबाईल घ्यायला परत आत का गेलीस, हे मी विचारलं नाही. तिने सांगितलं नाही. दोघांनाही माहीत आहे.

निघताना तिचे बाबा आले. मला ओळखतात, हळदीपासून तर जास्तच. पायातल्या चपला काढता काढता म्हणाले, "रविवारी रिकामा हायस का? कारवी येणार हाय पावण्यांकडून. आता ती भिंत पण कुडाचीच करतो."

माझे पप्पा आईला विचारतात तेच. यांनी मला विचारलं.

८ फेब्रु., रवि.

सकाळपासून त्यांच्याकडे. कारवीच्या काठ्या सोलायच्या, सरळ बघून निवडायच्या, ओळीने उभ्या करून आडव्या बांबूला बांधायच्या. मला वाटलं सोपं आहे. माझी पहिली ओळ बघून बाबा म्हणाले, "पोऱ्या, एवढी घट नको बांधू. हा काय चोर हाय? थोडी ढिली ठेव. हलला का भिंतीला पण हलाला पायजे."

मग विटांकडे बघून म्हणाले, "लोकांचे चार चार माळे बांधले मी. माझाच पडला."

सोललेल्या काठ्या त्यांच्या हातात देत राहिलो.

रुपेशने त्याचा तो मोबाईल दीपालीला दिलाय वापरायला, मी डिस्प्ले बसवलेला. त्यात तिचं कार्ड टाकलंय. दुपारी जेवताना तिने स्क्रीन माझ्यासमोर धरली.

"काय डिलीट केलंस?"

थाप तयार होती. चुकून गेलेला फॉरवर्ड, असं सांगणार होतो. तोंडातून निघालं, "शिव्याच होत्या."

"वाटलंच," म्हणाली आणि भाकरीचा तुकडा मोडला. मग थोड्या वेळाने, "कधी पाठवलेलास?"

"त्याच दिवशी. संध्याकाळी."

"मी तेव्हा दवाखान्यात होते."

"हो."

"केतन, तुला राग येतो ना, तेव्हा तुझ्यासमोर कोण उभं आहे ते तुला दिसतच नाही. मला भीती वाटते त्याची. धक्क्याची नाही वाटत एवढी. तो दोन सेकंदात थांबतो."

मी जेवलो. काय जेवलो आठवत नाही. पण निघताना म्हणाली, पुढच्या रविवारी लिंपायचं आहे, जुने कपडे घालून ये. पुढच्या रविवारी म्हणाली. एसटीत बसून तेच परत परत.

१२ फेब्रु., गुरु.

मामाच्या टीव्हीवर मॅच. दुकानासमोर गर्दी. शेवटच्या ओव्हरला जिग्या देवाला ढोकळा बोलला. जिंकलो. आता देव खाणार का, म्हणून आम्ही हसत होतो. खूप दिवसांनी हसलो.

कुणाला शिवी दिली नाही आठवडाभर. एका गिऱ्हाइकाने मुद्दाम वाद घातला, तरी नाही. लिहून ठेवतो.

१५ फेब्रु., रवि.

सरळ लिहितो.

लिंपण चाललं होतं. शेण, माती, भाताचा तूस, पायांनी तुडवून. बाबा बाहेरच्या बाजूने लिंपत होते, मी आतल्या. दीपाली आत मधल्या खांबाला टेकून बसलेली, पाय लांब करून. मला चिडवत होती, "हळद लावतोस का भिंतीला? दाब जरा." आई विहिरीवर. मजेत चाललं होतं सगळं. मी म्हणालो, तुझ्या भरतीला पुढच्या वेळी मीच घड्याळ लावून उभा राहीन. ती म्हणाली, "तू मागे पळ, घड्याळ बकरी लावेल."

आणि आवाज आला. आधी आवाज येतो, हे मला तिनेच सांगितलेलं. जमिनीखाली कुणीतरी मोठं दार आपटावं तसा. या वेळी मालगाडी वाटली नाही. एक क्षणही नाही.

मी अंगणात होतो.

मधलं काही आठवत नाही. विचार केला नाही, बघितलं नाही. एवढंच आठवतं की दारात बाबा आत शिरत होते आणि मी बाहेर पडत होतो. आमचे खांदे घासले. माझ्या हाताचा चिखल त्यांच्या शर्टाला लागला.

वळून बघितलं तेव्हा थांबलं होतं. दोन सेकंद. काही पडलं नाही. ओली भिंतही तशीच उभी. दाराच्या चौकटीत दीपाली, एका पायावर, बाबांच्या खांद्याला धरून. ती माझ्याकडे बघत होती. रागाने नाही. रागाने बघितलं असतं तर बरं झालं असतं, राग मला कळतो.

बाबा म्हणाले, "हात धुव. चाय घे." आईने विहिरीवरून येऊन सगळ्यांकडे बघितलं, मोजल्यासारखं, आणि चहा टाकला.

कप देताना दीपाली हळूच म्हणाली, "सगळेच पळतात. आम्हाला लहानपणापासून तेच शिकवलंय, आधी बाहेर."

मी म्हणालो, "हो."

तिच्यासाठी एकाचा दात हलवला, एकाचा मोबाईल फोडला, कॉलेज सोडलं. आणि ती माझ्यापासून चार हातांवर बसली होती.

उरलेलं लिंपण बाबांनी एकट्याने केलं. मला नको म्हणाले नाहीत. मीच निघालो, गाडी चुकेल म्हणून. गाडीला अजून तास होता.

१६ फेब्रु., सोम.

सकाळी तिचा मेसेज. त्या हळदीनंतरचा पहिला.

"पाय ठीक आहे. तू पोचलास ना नीट?"

दीड महिना या मेसेजसाठी जीव टांगला होता. देवाकडे भूकंप मागितला होता. आला, आणि मला उत्तर लिहिता येत नाहीये. "पोचलो" लिहिलं, पुसलं. "सॉरी" लिहिलं, पुसलं. तिला तिकडे दिसत असेल, लिहितोय, लिहितोय, थांबला.

१९ फेब्रु., गुरु.

उत्तर दिलेलं नाही. चार दिवस.

काल तीन ग्लास वाया घालवले, आज दोन. मामा म्हणाला, "काय झालंय तुझ्या हाताला?" मी म्हणालो, काही नाही, ग्लासचा लॉटच खराब आहे.

जिग्याला सांगितलं सगळं. वाटलं जोक मारेल. फरसाणची परात पुसत राहिला. मग म्हणाला, "माझ्या घरी आग लागली होती ने, लहानपणी, स्टोव्हची. माझे पप्पा पहिले पळाले. मम्मी आत, मी आत. ते परत आले, आम्हाला काढलं, पण पहिले पळाले. मम्मी आजपण कधी कधी त्यांना बोलते, भाजीत मीठ कमी असलं तरी. पण राहतात ने दोघं."

"तुझ्या पप्पांना कसं वाटत असेल?"

"ते भाजीत मीठ बघत नाहीत. कितीही कमी असू दे, खातात."

मग दुकानात गिऱ्हाईक आलं.

२२ फेब्रु., रवि.

डहाणू डेपो, सकाळचे नऊ. बाकावर बसून लिहितोय. अंगात जुने कपडे आहेत. सवयीने घातले की जायचं ठरवून, माहीत नाही. घरातून निघताना पप्पांनी आईला विचारलं, "कुठे चाललाय?" आई म्हणाली, त्यालाच विचारा. त्यांनी विचारलं नाही, पण दारापर्यंत आले.

तिने विचारलं तर काय सांगायचं, ठरलेलं नाही. पुढच्या वेळी थांबेन, असं म्हणू? कसं म्हणू? राग आवरीन असं म्हणता येतं, आवरला दोन आठवडे. पण त्या दिवशी राग नव्हता, काहीच नव्हतं, नुसते पाय होते. त्यांनी मला विचारलं नाही. पुढच्या वेळी विचारतील, हे कशावरून? आणि हे तिला सांगितलं नाही, नुसतं भिंत लिंपत राहिलो, तर ती थाप होते का?

तलासरीची एक गाडी मघाशी गेली. चढलो नाही. पुढची अर्ध्या तासाने.

आत्ता फोन वाजला. तिचं नाव. उचलला. तिचे बाबा होते.

"निघालास का?"

मी म्हणालो, "डेपोवर आहे."

"येताना तलासरीतून सुतळी घे. मोठा गुंडा. मागचा कोपरा सुटलाय."

"बरं."

"जाडी घे. बारीक नको."

"बरं, काका."

त्यांनी फोन कट केला नाही, बंद कसा करायचा ते शोधत असतील. मागे दीपालीचा आवाज येत होता. कुणाला तरी काहीतरी सांगत होती, भरभर, मध्येच हसली. मी कान लावला. शब्द ऐकू येईनात. मग फोन बंद झाला.

गाडी अजून लागलेली नाही.